पेटीचा भाता आणि माझी छाती

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दोन रविवारांपूर्वी आपल्या पुरवणीत ज्येष्ठांसाठी एक छोटी चौकट आली होती. जिना चढताना दम लागतो? घाबरू नका, वयोमानानुसार व्हायचंच, रोज सकाळी कपालभाती करा, असा तिचा एकूण मतलब. एवढीशी चौकट, सोडून देणार होतो. पण 'वयोमानानुसार' हा शब्द वाचला आणि बशीतला चहा बशीतच निवला. त्या एका शब्दापायी माझी सहा वर्षं वाया गेली आहेत.

मी इंदूरचाच. जन्म रामबागेतला, वय ७२. धंदा पेटी दुरुस्तीचा, म्हणजे हार्मोनियमचा. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, क्लासवाल्यांच्या पेट्या माझ्या हाताखालून गेल्या. वडील मिलमध्ये होते, कापूस पिंजायच्या खात्यात. रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळायची. त्याला घरात 'सोमवारचा दम' म्हणत. तो कापसाच्या धुळीचा आजार आहे हे मला फार उशिरा कळलं. माझी गोष्ट वेगळी. मी एकोणिसाव्या वर्षी बिडी ओढायला लागलो आणि त्रेसष्टाव्या वर्षी सोडली. रोज पंचवीसचं एक बंडल, लग्नसराईत दीड. भरीला लाकडाचा भुसा, पॉलिश पेपरची धूळ आणि उकळत्या सरसाची वाफ.

दम लागतोय हे मला जिन्यानं सांगितलं नाही, सुरानं सांगितलं. पेटीतला पितळी सूर, म्हणजे हवेनं थरथरून वाजणारी पट्टी, काढून कानशीनं घासला की तो तोंडाला लावून फुंकून बघायची मला सवय. सत्तावन्नाव्या वर्षी लक्षात आलं की खर्जाचा सूर फुंकताना आवाज मधेच बसतोय. आधी वाटलं सुरातच कचरा आहे. तीन वेळा घासला. चौथ्यांदा शेजारच्या पोरानं फुंकला तर लख्ख वाजला.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. नाव कशाला घेऊ, माणूस भला. त्यांनी नळी लावली, बीपी बघितलं, म्हणाले, "अब उमर हो गई काका, थोड़ा तो फूलेगा." खोकल्याचं औषध दिलं. पुढची सहा वर्षं दर थंडीत तेच औषध, तेच वाक्य. मी बाहेर येऊन बिडी पेटवायचो.

त्रेसष्टाव्या वर्षी जानेवारीत छातीत कफ झाला, ताप आला आणि रात्री आडवं होता येईना. मुलानं मोठ्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढणारा पोरगा म्हणाला, फुप्फुसं एवढी लांब आहेत की फिल्ममध्ये मावत नाहीयेत. मला आपलं बरं वाटलं, म्हटलं दणकट दिसतात! छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तो गैरसमज दूर केला. मग एक नळी तोंडात दिली, नाकाला चिमटा लावला, म्हणाल्या, पूरी साँस भरो और फूँको, फूँको, फूँको, और, और, और. तीन वेळा फुंकलं, औषधाची वाफ दिली, पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावलं. निदान झालं. कागदावर 'एम्फिसेमा' लिहिलं होतं. मराठीत वातस्फीती म्हणतात, पण आमच्या घरी कुणी म्हणत नाही. हा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्यांत कायमचा अडथळा आणणाऱ्या रोगांच्या, मोठ्या घराण्यातला.

या फुंकायच्या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. एकूण जेवढी हवा बाहेर येते, तिच्यातली पहिल्या सेकंदात किती येते हे बघतात. औषधाच्या वाफेनंतरही हा हिशेब शंभरात सत्तरच्या खाली राहिला की श्वासनळ्यांत अडथळा आहे. शिवाय त्या पहिल्या सेकंदाची हवा तुमच्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाशी ताडून बघतात. माझी त्याच्या ४१ टक्के होती. वाद्यांचा माणूस म्हणून त्या यंत्राची मी चौकशी केली. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरानं ते १८४६ साली जगापुढे मांडलं. पाण्यात उपडं ठेवलेलं भांडं. फुंकलं की ते वर उचलायचं आणि पट्टीवर आकडा वाचायचा. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची कल्पना! बीपीचं यंत्र गल्लोगल्लीच्या दवाखान्यात असतं, हे का नसावं? चाळिशी उलटलेला, बिडी-सिगारेट ओढणारा किंवा वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेला माणूस दम लागतो म्हणून आला, तर त्याला आधी फुंकायला लावावं, वय मग विचारावं. चुलीचं मुद्दाम लिहितो. आमच्या आत्यानं जन्मात बिडीला हात लावला नाही. शेणी आणि लाकडं फुंकून तिला हाच रोग झाला आणि घरचे तिला दमेकरी समजत राहिले.

आता पेटीकडे येतो, कारण हा रोग मला पेटीनंच समजावला. पेटीला दोन भाते असतात. बाहेरचा तुम्ही हातानं हलवता. तो आतल्या भात्यात हवा भरतो. आतल्या भात्यावर स्प्रिंगा असतात, त्यांच्या दाबानं हवा सुरांतून सुटते. स्प्रिंगा सैल पडल्या तर बाहेरून कितीही भाता मारा, आत हवा भरते, पोट फुगतं, सूर मात्र निघत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, भाता फाटलाय. भाता शाबूत असतो, दाब गेलेला असतो.

फुप्फुसाचं अगदी हेच. आत हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात, ३० ते ५० कोटी. त्यांच्या भिंतींत रबरासारखा ताण असतो. श्वास आत घ्यायला स्नायू लागतात. बाहेर सोडताना त्या ताणानं पिशव्या आपोआप आकसतात आणि हवा निघते. बिडीच्या धुरानं आत सतत सूज राहते. धुरावर धावून आलेल्या पांढऱ्या पेशींतून जी पाचकं सुटतात, ती हे रबरच कुरतडतात. चार छोट्या पिशव्यांच्या भिंती पडून एक मोठी ढिली पिशवी होते. रक्तात प्राणवायू शिरायची जागा कमी होते, आणि बारीक नळ्यांना बाजूनं ताणून धरणारे धागे तुटल्यामुळे श्वास सोडताना त्या मिटतात. जुनी हवा आतच कोंडते. लोकांना वाटतं मला श्वास घेता येत नाही. मला सोडता येत नाही हो! जुनी निघेना तर नवी शिरणार कुठे?

डॉक्टरीणबाईंना हे पेटीचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या, म्हणाल्या, "बस काका, इतना ही फ़र्क है कि आपकी स्प्रिंग हम बदल नहीं सकते." काही निवडक रोग्यांत फुप्फुसाचा निकामी भाग काढतात किंवा नळीत झडप बसवतात, पण ते थोड्यांसाठी. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळायचं. निरोगी माणसाचीही ती पहिल्या सेकंदाची हवा वर्षाला साधारण ३० मिलिलिटर घटतेच. धूर ज्याला बाधतो त्याची जवळजवळ दुप्पट वेगानं घटते. बिडी सोडली की घसरण पुन्हा संथ होते. माझे ४१ चे नऊ वर्षांत ३६ झालेत. सहा वर्षं आधी फुंकायला लावलं असतं तर हा आकडा किती असता, याचा हिशेब मी रात्री करत नाही. दिवसा कधीकधी होतो.

बिडी कशी सोडली ते लिहीत नाही. तीनदा सोडली, तिसऱ्यांदा सुटली.

खरी तक्रार आता. माझ्या हातात औषध ओढायचा पंप, म्हणजे इनहेलर, आला तेव्हा तो कसा ओढायचा हे मला कोणी दाखवलं नाही. चिठ्ठीवर 'दोन वेळा' होतं, औषधवाल्यानं डबी पुढे सरकवत सांगितलं, "सुबह-शाम दो-दो बार दबा लेना." मी आठ महिने दाबला. आ करायचा, अत्तर उडवावं तसा फुस्स उडवायचा, आणि मग श्वास घ्यायचा. औषध जिभेवर, टाळ्यावर, थोडं चष्म्यावर. दम तसाच, मग पंपाला शिव्या.

आठ महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक वाक्य उच्चारलं, ते आधी कुणी उच्चारलं असतं तर बरं झालं असतं: "काका, ज़रा करके दिखाइए." मी करून दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा. खुर्ची ओढून समोर बसल्या. पंप चांगला हलवा. श्वास पूर्ण सोडा, रिकामे व्हा. ओठ घट्ट मिटा. आता सावकाश आत ओढायला लागा आणि ओढता ओढता एकदाच दाबा. दाबल्यावरही ओढणं चालू. मग श्वास धरून मनात दहा मोजा. वेळ जमेना तेव्हा प्लॅस्टिकची एक नळकांडी दिली, स्पेसर. औषध आधी तिच्यात उडतं आणि मग निवांत ओढता येतं. त्या दिवशी जिन्याच्या बावीस पायऱ्या मी दोनदाच थांबून चढलो, आधी चारदा थांबायचो.

पावडरचा पंप वेगळा, त्यात कॅप्सूल फोडून ती जोरानं आणि झटक्यात ओढायची असते. एकाला सावकाश, दुसऱ्याला जोर. उलट केलं की दोन्ही वाया. आमच्या भजनी मंडळातल्या एका काकांनी तर पंपाच्या कॅप्सुली तीन आठवडे पाण्याबरोबर गिळल्या. हसू नका, मास्तर होते ते, शिकलेले गृहस्थ. कॅप्सूल दिसली की माणूस गिळतोच. सांगायला कोणी नको का? ज्या पंपात स्टेरॉइड असतं तो ओढल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. हेही मला चट्टे आल्यावर कळलं.

वर नातेवाईक आहेतच. "पंपाची सवय लागते हो, शेवटचा उपाय म्हणून ठेवा." चव्वेचाळीस वर्षांची बिडीची सवय यांतल्या कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती. पंप मात्र लगेच दिसला.

कपालभातीचंही सांगतो, कारण चौकटीत तीच होती. मी करून बघितली आहे. एका शिबिरात, सतरंजीवर, सगळ्यांबरोबर. विसाव्या झटक्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझ्या नळ्या जोरात फुंकलं की आधीच मिटतात, हवा आत अडकते. योगाशी माझं वैर नाही; पण फुप्फुसाला भोकं पडलेल्या माणसानं छातीच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय झटके मारू नयेत. आम्हाला नेमकं उलटं शिकवतात: नाकानं श्वास घ्या आणि बशीतल्या गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. घ्यायला दोन मोजा, सोडायला चार. चंबूमुळे आत थोडा दाब राहतो, नळ्या उघड्या राहतात, कोंडलेली हवा निघते. जिना चढताना सोडता सोडता दोन पायऱ्या चढायच्या, थांबून घ्यायचा, परत सोडत दोन. भाजीला गेलो की ठेल्याच्या कडेवर दोन्ही हात टेकून पुढे वाकून उभा राहतो. भाजीवाल्याला वाटतं काका टोमॅटो निरखतायत. मी श्वास निरखत असतो.

आणि चालायचं. पहिली दोन वर्षं मी घाबरून खुर्चीतच बसलो, पाय काड्या झाले, आणि अशक्त पायांनी चार पावलांतच दम लागायला लागला. वजन ६८ वरून ५४ वर आलं, कारण श्वास घेण्याच्या मजुरीतच खाल्लेलं खर्च होतं. आता रोज सकाळी वीस मिनिटं चालतो, पाण्याच्या बाटल्या भरून हातांचा व्यायाम करतो. दम लागला म्हणजे काही फाटलं असं नाही, हे शिकायला मला वर्ष लागलं. पोहे-जिलबी सुटली नाही, पण प्लेट अर्धी झाली. पोट टम्म भरलं की छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो आणि श्वासाला जागा उरत नाही. म्हणून दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. सराफ्यातली, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीतली, रात्र मात्र गेली. तव्यांचा धूर सोसत नाही. भुट्ट्याचा किस मुलगा घरी आणतो, निवलेला.

घरातल्या धुरावरून सौ.शी तह झाला. निरांजन राहिलं, धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल गेली. एक कॉइल जळली की त्यातून निघणारा बारीक धूर ७५ ते १३७ सिगारेटींइतका असतो असं मोजलेलं आहे. हे ऐकल्यावर तिनं स्वतःच मच्छरदाणी काढली.

ऑक्सिजनचं न लिहून चालणार नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये घरोघरी बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायची चिमटी आली, ती अजून ड्रॉवरमध्ये आहे. माझा आकडा एरवी ९१-९२ टक्के असतो. करोनात सगळ्यांना ९५ च्या वरचा ध्यास. पुतण्यानं कुठून तरी सिलिंडर मिळवला, प्रेमानंच, आणि मिनिटाला सहा लिटरवर सोडला. आकडा ९९ झाला, घरात आनंद. मी मात्र गुंगायला लागलो, डोकं ठणकायला लागलं, जेवताना घास हातातच राहिला. डॉक्टरीणबाईंना फोन लागला तेव्हा त्या ओरडल्याच: कमी करा, ८८ ते ९२ च्या मधे ठेवा! आमच्यासारख्यांना नको इतका ऑक्सिजन दिला तर अंगातला कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. ज्यांचा आकडा बसल्या जागी, तब्येत स्थिर असताना ८८ किंवा त्याखाली राहतो, त्यांना तपासून रोज किमान पंधरा तास लावायला सांगतात. त्यांचं आयुष्य त्यानं वाढतं. बाकीच्यांनी आपल्या मनानं नळी लावू नये. आणि ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी निरांजनसुद्धा दुसऱ्या खोलीत न्यावं. ऑक्सिजनशेजारी ठिणगी म्हणजे काय ते सांगायला नको.

मी एक वही ठेवतो. कफाचा रंग, खोकला, पायऱ्यांत किती वेळा थांबलो. कफ पांढऱ्याचा हिरवट झाला, वाढला आणि दमही वाढला की दोन दिवस वाट बघत नाही, फोन करतो. दम वाढण्याचा असा प्रत्येक झटका फुप्फुसाचा थोडा तुकडा घेऊन जातो. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाचीही घेतली आहे. ओठ निळे पडले किंवा मी असंबद्ध बोलायला लागलो तर थेट दवाखान्यात न्यायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. असंबद्ध म्हणजे नेहमीपेक्षा जास्त, असं सुनेनं पुढे कंसात घातलं आहे.

आपलं शहर २०१७ ते २०२३ सलग स्वच्छतेत देशात पहिलं आलं, मला त्याचा अभिमान आहे. पिवळी कचरागाडी आली की ओला-सुका मीच वेगळा करून देतो. पण थंडीत पहाटे कोपऱ्यावर पालापाचोळा पेटवून हात शेकणारे आपलेच लोक आहेत. त्या दिवशी माझं चालणं बंद. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, मी खिडक्या लावून टीव्हीवर बघतो. राजवाड्यासमोर गुलालाचे ढग उठतात तेव्हा नातू विचारतो, "आजोबा, तुम्ही जायचात?" जायचो. गेरेच्या गाडीमागे नाचायचो, तोंडात बिडी धरून.

आता दुकान फक्त सकाळचं. सूर तोंडानं फुंकत नाही, त्यासाठी पायाचा छोटा भाता बनवून घेतला आहे. फळीवर सरसाच्या डब्याशेजारी पंप आणि नळकांडी असते. पेटी घेऊन आलेल्यांतला एखादा ती बघून हळूच म्हणतो, माझ्याकडेही आहे. मी म्हणतो, काढा, करून दाखवा. गेल्या महिन्यात चौघांनी करून दाखवलं. त्यांतल्या एकाला जमत होतं.

आपला,
एक पेटी दुरुस्त करणारा, रामबाग, इंदूर
(नाव छापू नये. गिऱ्हाइकांना वाटेल, याच्याच भात्यात दम नाही.)

ता. क. चौकट ज्यांनी लिहिली त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यांना स्वतःला जिन्यात दम लागत असेल, तर एकदा फुंकून या म्हणावं.